रांगेऐवजी पंगत: गोदाघाटावरच्या बेघर माणसांचा पाहुणचार कसा करावा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही नाशिकच्या एका कॉलनीतले पंधरा जण दर रविवारी रात्री गोदाघाटावर खिचडी वाटतो. डिसेंबरात 60 ब्लँकेट वाटली. पंधरा दिवसांनी बघितलं तर दहासुद्धा दिसली नाहीत. लोक म्हणतात, विकून दारू पितात. काही जण खिचडी घेतात आणि कोपऱ्यात ठेवून देतात. आम्हाला नुसतं वाटप नको, त्या माणसांना खरंच बरं वाटेल असं काही करायचं आहे. कुठून सुरुवात करावी? आणि आमच्या लहान मुलांना सोबत न्यावं का?"

ब्लँकेटांचं आधी सांगते, कारण नेमक्या याच ठिकाणी बरीच मंडळं दुखावतात आणि पुन्हा फिरकत नाहीत.

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, झोपणाऱ्या माणसाला पहाटे पाचला उठावंच लागतं. स्नानाला भाविक येतात, दशक्रियेची मांडामांड सुरू होते, झाडलोट करणारे येतात. तुम्ही दिलेलं जाड ब्लँकेट दीड-दोन किलोचं. ते दिवसभर ठेवायचं कुठे? मजूर असेल तर त्याला सातच्या आत मजुरांच्या नाक्यावर उभं राहायचं असतं, आणि खांद्यावर वळकटी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुठलाही मुकादम कामावर नेत नाही. मग तो ते झाडाच्या बेचक्यात, पायऱ्यांच्या आडोशाला, ओळखीच्या टपरीमागे कोंबून जातो. संध्याकाळी येतो तेव्हा जागा रिकामी असते. कुणीतरी उचललेलं असतं किंवा घाट मोकळा करण्याच्या मोहिमेत कचऱ्यासोबत गाडीत गेलेलं असतं. नदीकाठचं दव इतकं पडतं की पातळ पांघरूणही सकाळी जड लागतं, आणि वाळत घालायला दोरी नाही. भिजलेलं ब्लँकेट दोन रात्री अंगाखाली घेऊन बघा, तिसऱ्या दिवशी तुम्हीही ते सोडून द्याल.

काही विकली जातात, हे खरं आहे. त्या पैशांतून दारू येते, तशीच एसटीची तिकिटं येतात, खोकल्याचं औषध येतं, मोबाइलचं रिचार्ज येतं. ज्याच्याकडे विकण्याजोगी एकच वस्तू आहे तो ती विकणार. यावरून माणसाची परीक्षा करू नका, एवढंच माझं म्हणणं.

आम्ही शेवटी ब्लँकेट द्यायचं बंद करून उसनं द्यायला लागलो. घाटाजवळ एका सज्जन दुकानदाराने मागची पडवी दिली. ब्लँकेटच्या कोपऱ्यावर दोऱ्याने आकडे शिवले. रात्री साडेनऊला ज्याचं त्याला, पहाटे सहाच्या आत परत. पहिल्या महिन्यात काही गेली. मग आपला आकडा आपलाच आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि जाणं जवळजवळ थांबलं. "माझं बावीस नंबर द्या" असं म्हणताना माणसाच्या आवाजात हक्क येतो, तो ऐकण्यासारखा असतो. दर पंधरा दिवसांनी सगळी कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी लागतात, नाहीतर एकाची खरूज सगळ्यांना होते. यात मेहनत आहे. पण 60 नवी ब्लँकेट घेण्यापेक्षा 30 ब्लँकेट आणि एक पडवी जास्त उपयोगाची. पडवी मिळाली की तिथे बोचकीही ठेवता येतात, आणि खरं सांगते, कित्येकांना पांघरुणापेक्षा बोचकं सुरक्षित राहण्याचं मोल अधिक असतं. त्यात आधार कार्ड असतं, बायकोचा फोटो असतो, दवाखान्याचा कागद असतो.

आता मूळ गोष्ट. मी 19 वर्षं हे काम करते आहे. पहिली चार वर्षं मीही तुमच्यासारखीच पातेलं घेऊन उभी राहायचे आणि समोर रांग लागायची. एका रात्री एक म्हातारे गृहस्थ रांगेत उभं न राहता बाजूच्या पायरीवर बसून होते. मी पुढे होऊन पत्रावळ धरली, तर म्हणाले, "बाई, आमच्याकडं दारात आलेल्याला उभ्यानं वाढत नव्हते." एवढंच. रागावले नाहीत. पण मला रात्रभर झोप लागली नाही. आपल्या घरी पाहुणा आला की आपण काय करतो? "या, बसा" म्हणतो. आधी पाणी देतो. हातपाय धुवायला सांगतो. मग विचारपूस, मग पान मांडतो, वाढतो, "आणखी थोडं घ्या" असा आग्रह करतो, निघताना "या पुन्हा" म्हणतो. हे सगळं आपल्याला येतं. घाटावर गेलो की तेवढंच आपण विसरतो आणि वाटप करायला लागतो.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चार सतरंज्या नेल्या, रांग मोडली आणि पंगत मांडली. त्या दिवसापासून धक्काबुक्की संपली. रांगेत शेवटच्याला वाटत असतं की आपल्यापर्यंत येईतो संपेल, म्हणून ढकलाढकली होते. पंगतीत बसलेल्याला कळतं की वाढपी आपल्याकडे येणारच आहे. जो खिचडी घेऊन कोपऱ्यात ठेवतो, तोही पंगतीत बसला की किती हवं ते सांगतो: "एवढीच घाला, वरण असेल तर द्या." उरलेलं बांधून मागायलाही मग लाज वाटत नाही.

पण पंगत मांडण्याआधी एक काम करा. पाच रात्री रिकाम्या हाताने जा. खिचडी नाही, बिस्किटं नाहीत, काही नाही. सोमवार ते शुक्रवार, साडेनऊ ते अकरा. नुसतं फिरा, बसा, चहा प्या, बघा. रामकुंडाजवळ शनिवार-रविवारी आणि अमावास्येला अन्नाचा पूर येतो. दशक्रियेच्या निमित्तानेही कोणी ना कोणी वाटत असतं. तुमची खिचडी कोपऱ्यात का राहते याचं उत्तर इथेच आहे: त्या रात्रीचं ते त्यांचं तिसरं जेवण असतं. आणि मंगळवारी रात्री त्याच पायरीवर माणूस पाणी पिऊन झोपतो. सीबीएस आणि ठक्कर बाजार या बसस्थानकांच्या आसपास, सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात, नाशिकरोड स्टेशनच्या बाहेर जाऊन बघा. तिथे वाटणारे फार कमी पोचतात, कारण तिथे पुण्य मिळतं असं कुणी सांगितलेलं नाही. सिव्हिलमध्ये पेशंटसोबत आलेली सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांकडची माणसं असतात. नातेवाईक आठ-आठ दिवस व्हरांड्यात काढतात. तेही त्या आठ दिवसांपुरते बेघरच.

आणखी एक दिसेल, की घाटावर झोपणारे सगळे एका जातकुळीचे नाहीत. द्राक्षाच्या हंगामात आणि बांधकामावर आलेले आदिवासी मजूर आहेत, घर आहे पण ते 70 किलोमीटरवर डोंगरात आहे. लग्नसराईत मंगल कार्यालयात वाढपी म्हणून राबणारे आणि पावसाळ्यात हाताला काम नसलेले आहेत. हॉटेलातून काढून टाकलेले आहेत. यात्रेला आणून सोडून दिलेल्या म्हाताऱ्या आहेत, त्या अजूनही म्हणतात की मुलगा तिकीट काढायला गेलाय. मनाने आजारी माणसं आहेत. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायका आहेत. "भिकारी" हा शब्द यातल्या थोड्यांनाच लागू पडतो. मजुराला तुम्ही भिकारी समजून जेवणाचं पाकीट पुढे केलंत तर त्याच्या जिव्हारी लागतं. त्याला दहा रुपयांत पोटभर जेवण विकत दिलंत तर तो आनंदाने घेईल. आम्ही एक डबा ठेवतो, ज्याला टाकायचे त्याने टाकावेत, कोणी बघत नाही. रोज काही ना काही त्यात असतंच.

बोलायचं कसं, हे पुष्कळ जण विचारतात. खाली बसून बोला. उभ्याने बोललात की तुम्ही पोलीस, नाहीतर पुढारी. वयाने मोठ्यांना बाबा, आजी, मावशी. बरोबरीच्याला दादा, ताई. दुसऱ्या भेटीपासून नावाने. नाव लक्षात ठेवणं ही या कामातली सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गरजेची गोष्ट आहे, म्हणून वही ठेवा, घरी जाऊन लिहा, समोर बसून लिहू नका. "घर का सोडलं?" हे पहिल्या सहा महिन्यांत विचारूच नका. "झोप झाली का?", "गुडघा कसा आहे?" हे विचारा. गाव विचारलंत तर चालतं, कारण गाव सांगायला माणसाला आवडतं, पण उत्तर टाळलं तर लगेच पावसापाण्याकडे वळा. झोपलेल्याला उठवून जेवण देऊ नका, ती झोप त्याने फार कष्टाने मिळवलेली असते. उठवावंच लागलं तर पायाकडच्या बाजूने, दोन पावलं लांबून हाक मारा. रात्री अंगाला हात लावला की घाबरून माणूस हात उगारतो, आणि त्यात त्याची चूक नसते. जे करता येणार नाही ते "बघतो", "करू" असं म्हणू नका. तुमच्यासाठी तो संभाषणाचा शेवट असतो, पण तो माणूस पुढचे चार रविवार तुमची वाट बघतो.

फोटोचं मला जरा कडक बोलू द्या. फोटो काढू नका. विचारूनही काढू नका, कारण हातात जेवण असलेल्याला विचारलं तर तो नाही म्हणणार कसा? आमच्याकडे एक तिशीतला मुलगा यायचा. दिवसा केटरिंगला, रात्री घाटावर. घरी सांगितलं होतं की कंपनीत आहे, दर महिन्याला थोडे पैसेही पाठवायचा. एका गटाने अन्नदानाचे फोटो काढले, ते फिरत फिरत त्याच्या गावच्या ग्रुपवर गेले. बहिणीचा फोन आला त्याला. त्या रात्री तो बोचकं घेऊन गेला, तो आजतागायत दिसलेला नाही. पळून आलेल्या बाईच्या बाबतीत तर एक फोटो जिवावर बेतू शकतो. हिशोबासाठी पावत्यांचे फोटो काढा, पातेल्याचे काढा.

जेवणात काय द्यावं? विचारा. आठवड्यातून पाच रात्री खिचडी खाणारा माणूस भाकरी मागतो. पिठलं-भाकरी, ज्वारीची नाहीतर नागलीची, सोबत कांदा, हे दिलंत तर पेठकडची माणसं तुम्हाला वर्षभर आठवतील. दात नसलेल्या आजींसाठी मऊ भात आणि पातळ वरण वेगळं काढा, त्यांना मसालेभात सोसत नाही. मधुमेही बरेच असतात, त्यामुळे दर वेळी शिरा किंवा बुंदी नेऊ नका. शिजवायचा अंदाज म्हणाल तर तांदूळ-डाळ मिळून माणशी सव्वाशे ग्रॅम पुरते. उन्हाळ्यात शिजल्यापासून दोन तासांच्या आत पानात पडलं पाहिजे, गरम भात पिशव्यांमध्ये कोंबून नेलात तर तो आंबतो आणि दुसऱ्या दिवशी जुलाब. जुलाब झालेल्याला शौचालयाचेही पैसे मोजावे लागतात हे लक्षात असू द्या. आणि शक्य असेल तर रविवारची रात्र सोडून मंगळवारी जा, किंवा पहाटेचा चहा सुरू करा. थंडीत सहा वाजता आल्याचा गरम चहा आणि दोन पाव याला तोड नाही. जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि त्या वेळी ज्याच्या हातात कप असतो त्याच्याशी जे बोलणं होतं ते रात्रीच्या घाईत कधी होत नाही.

पोटानंतर अंघोळ. मला विचाराल तर माणसाला सगळ्यात लवकर बरं वाटतं ते गरम पाण्याने. घाटावर नदी आहे, पण थंडीत गार पाण्यात उतरायचं, अंग पुसायला पंचा नाही, बदलायला कपडे नाहीत, म्हणून महिना-महिना अंघोळ टळते. महिन्यातून एक रविवार एखाद्या मंगल कार्यालयाचं न्हाणीघर मिळवा, बंब पेटवा, एका न्हावीदादांना बोलवा. साबण, खोबरेल, नखं कापायला नेलकटर, नवा कंगवा ज्याचा त्याला. बाहेर आल्यावर आरसा ठेवा. आरशासमोर माणसं बराच वेळ उभी राहतात, त्यांना घाई करू नका. कपडे माप विचारून द्या. घरातले फाटके, बटणं तुटलेले, गुंडाळून ठेवलेले कपडे आणू नका. जे तुम्ही तुमच्या भावाला देणार नाही ते नको. बायकांना साडी सगळे देतात, परकर-ब्लाउज कोणी देत नाही. आतले कपडे नवेच लागतात. पाळीची पॅड बाईनेच बाईला, वर्तमानपत्रात गुंडाळून द्यावीत. आणि तुमच्या पंधरा जणांत निदान पाच बायका असू द्या. पुरुषांच्या घोळक्याकडे रात्री एकटी बाई येत नाही, मग तुम्ही म्हणणार की घाटावर बायका नाहीतच. असतात. उजेडाच्या खांबाखाली, चहावाल्या मावशींच्या नजरेच्या टप्प्यात, अर्धवट जाग्या असतात.

आजारी माणूस दिसेल, तेव्हा आपली मर्यादा ओळखा. पायाच्या जखमेत अळ्या दिसल्या तर स्वतः उपाय करू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लावा आणि सोबत जा. सोबत जाणं महत्त्वाचं, कारण केसपेपरवर नाव सांगणारं कोणी असलं की वॉर्डात वागणूक बदलते. कुत्रा चावला तर आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवा, मग लस, तीही सगळे डोस. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, पण ती पूर्ण घ्यायला रोजचं जेवण आणि ठरलेली जागा लागते, ते तुम्ही बघू शकता. दारू पिणाऱ्याला "आधी सोड, मग जेवण" असं सांगू नका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. प्यायलेला माणूसही जेवायला बसू शकतो. भांडायला लागला तर त्याचं पान बाजूला मांडा, उठवू नका.

मनाने आजारी असलेल्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चांगली माणसंही चुका करतात. दाढी वाढलेला, स्वतःशी बोलणारा, कचऱ्याच्या गोण्या उरावर घेऊन फिरणारा माणूस दिसला की उत्साही कार्यकर्ते त्याला धरून, अंघोळ घालून, केस कापून मोकळे होतात. त्या गोण्या त्याच्या लेखी त्याचं घर असतात. पाच-सहा आठवडे रोज एकाच वेळी, एकाच माणसाने, थोड्या अंतरावर चहा ठेवून यावं. अंतर तो स्वतः कमी करतो. मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये कलम 100 आहे. त्यानुसार अशा माणसाला संरक्षणात घेणं ही पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याची जबाबदारी आहे, 24 तासांच्या आत त्याला सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं असतं, कोठडीत ठेवता येत नाही, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही घ्यायचा असतो. हे कलम कागदावर छापून जवळ ठेवा, शांतपणे दाखवा. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम करतं. त्यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली ही संस्था आहे, तिथे रस्त्यावरच्या निराधार स्त्रियांना घर मिळालं आहे. त्यांच्याकडे जाऊन चार दिवस राहून या, माझ्या दहा पानांपेक्षा जास्त शिकाल. इतर नंबर पाठ ठेवा: मुलांसाठी 1098, ज्येष्ठांसाठी 14567, बायकांसाठी 181, मानसिक आधारासाठी 14416.

"यांना सरकारी निवाऱ्यात का नेत नाही?" हे तुम्हाला दर आठवड्याला कोणीतरी विचारेल. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2010 मध्ये मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास उघडा निवारा उभारायला सांगितलं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही तोच हिशोब होता, आणि माणशी निदान 50 चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत नाशिक शहर 14.86 लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच्याच आकड्याने 15 निवारे हवेत. आपल्या शहरात किती आहेत आणि त्यातले किती रात्री अकरालाही दार उघडतात, हे स्वतः फिरून मोजा. या मोजणीचं निवेदन महापालिकेला देणं हासुद्धा पाहुणचाराचाच भाग आहे असं मी मानते. पण निवारा असूनही माणसं का जात नाहीत तेही ऐका. नवरा-बायकोला वेगळं झोपावं लागतं. कामाचा नाका लांब पडतो. पाळलेलं कुत्रं आत घेत नाहीत. ढेकूण असतात. आधी एकदा अपमान झालेला असतो. म्हणून कुणाला गाडीत घालून नेऊ नका. दिवसा सोबत जा, जागा दाखवा, तिथल्या व्यवस्थापकाशी ओळख करून द्या, परत घेऊन या. पुढच्या वेळी तो स्वतः विचारतो. पहिल्या रात्री मी नेहमी तिथे तासभर बसते.

दुसऱ्या बाजूला 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात भीक मागण्याची व्याख्याच अशी आहे की उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणाराही तिच्यात बसू शकतो, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. दिल्लीत उच्च न्यायालयाने 2018 मध्ये अशा तरतुदी रद्द केल्या, महाराष्ट्रात कायदा लागू आहे. सण आणि पर्वण्या आल्या की घाट मोकळा करण्याची घाई होते, आणि सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. तुमच्या ओळखीचा मजूर उचलला गेला तर "हा अमुक ठेकेदाराकडे कामाला जातो" हे सांगायला कोणीतरी लागतं. त्या वेळी तुमची वही उपयोगी पडेल.

कागदांचं थोडक्यात. प्रत्येकाला एक जाड प्लास्टिकचं पाकीट आणि गळ्यात अडकवायची दोरी द्या. मूळ कागद जपून ठेवायला सांगा, झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला राहण्याचा कागदी पुरावा लागत नाही. फॉर्म 6 वर तो झोपतो ती जागा लिहायची, आणि निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री तिथे येऊन खात्री करायची, अशी पद्धत आहे. आमच्या एका बाबांचं नाव यादीत आलं तेव्हा त्यांनी तो कागद देवळात नेऊन काळारामाच्या पायरीवर ठेवला होता.

पावसाळा नाशिकमध्ये थंडीपेक्षा वाईट. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की आपण टीव्हीवर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं का ते बघतो; त्याच पायऱ्यांवर झोपणाऱ्याला ती बातमी पाय भिजल्यावर कळते. जूनच्या आत ताडपत्रीचे तुकडे, रबरी चपला आणि कोरड्या पिशव्या द्या, आणि विसर्गाची घोषणा झाली की रात्री कोण जाऊन उठवणार याची पाळी लावा. उंचावरची एखादी धर्मशाळा किंवा शाळेचा व्हरांडा आधीच बोलून ठेवा. या शहराला ते परकं नाही. गाडगे महाराजांनी "बेघरांना आसरा" आपल्या दशसूत्रीत घातला आणि त्यासाठी जागोजागी धर्मशाळा बांधल्या, त्यातली एक इथेच नाशिकला, गोदाकाठी आहे. जागेसाठी बोलायला जाल तेव्हा गाडगेबाबांचं नाव घेऊन जा, नाशिकची माणसं नाही म्हणत नाहीत.

लहान मुलांना न्यावं का? न्या. पण "बघ, तुला किती मिळालंय" हे शिकवायला नको. समोरचा माणूस धडा होऊन बसलेला असतो हे त्याला बरोबर कळतं. वाढदिवसाचा केक घाटावर कापू नका. तिथेही मुलं आहेत, त्यांचा वाढदिवस त्यांना ठाऊक नसतो. मुलांना काम द्या. पाणी वाढणं हे मुलांचं काम, आपल्या पंगतीत ते पहिल्यापासून त्यांचंच आहे.

आमच्यातल्या एकीची आठ वर्षांची मुलगी अशीच तांब्या घेऊन फिरायची. पंगतीच्या कडेला बसणाऱ्या एका आजींनी एकदा तिचे सुटलेले केस बघून विचारलं, "वेणी घालू का गं तुझी?" मुलगी लगेच पाठ करून बसली. आई जरा थबकली, उवांचा विचार तिच्या चेहऱ्यावर आलाच. आजींनी तो पाहिला. काही न बोलता त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ताई, त्या अंघोळीच्या पिशवीतला एखादा नवा कंगवा असंल तर द्या, माझा नको." मग हात धुऊन आल्या, पदराला पुसले आणि तिची वेणी घालायला बसल्या.